ई८५ टाकून ट्रेलर ओढला: चढाला खूश, टाकीला वैताग

दीड वर्षं झाली ई८५ वर, म्हणजे बरंचसं इथेनॉल (अल्कोहोल) आणि बाकी पेट्रोल अशा इंधनावर, ट्रेलर ओढतोय. सलग नाही, अधूनमधून, कधी पूर्ण टाकी तर कधी अर्धं हे अर्धं ते, आणि भेटेल तो विचारतो की कसं वाटतं रे, तर प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. गाडी फ्लेक्स-फ्युएल पिकअप, म्हणजे पेट्रोल आणि ई८५ कुठल्याही प्रमाणात चालणारी, व्ही८ पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, टाकी ९८ लिटरची. मागे कॅम्पर ट्रेलर, पाणी-सामान भरून काट्यावर चढवला की २,७०० किलोच्या आसपास भरतो. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा रिव्ह्यू गाडीचा नाहीच, टाकीत जे ओततो त्याचा आहे.

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, ओढायला झकास, पल्ल्याला भिकार. बाकी सगळं याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

पण त्याआधी एक गोष्ट जी दर वेळी कोणीतरी विसरतंच. ई८५ फक्त फ्लेक्स-फ्युएल गाडीत. साध्या पेट्रोल पिकअपमध्ये "एकदा टाकून बघू काय होतं" असं करू नका, आणि मागे ट्रेलर असताना तर मुळीच नाही. कारण साधं आहे, पेट्रोल जळायला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन दीडपटीपेक्षा जास्त ओतायला लागतं. फ्लेक्स गाडीत इंजेक्टर मोठे असतात, पंप जास्त माल देतो, रबरी सील आणि पाइप इथेनॉल सोसणारे असतात, आणि कॉम्प्युटरला कळतं की टाकीत नेमकं काय आहे. साध्या गाडीत यातलं काहीच नसतं, ती बिचारी आहे तेवढे इंजेक्टर ताणून बघते आणि पुरलं नाही की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. लीन मिश्रणावर घाट चढणं म्हणजे पिस्टनची परीक्षा. आपली गाडी फ्लेक्स आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांत टाकीचं झाकण पिवळं असतं. शेजाऱ्याच्या गाडीत चालतं म्हणून आपल्यात चालेल हा हिशोब करू नका, एकाच मॉडेलमध्ये एक इंजिन फ्लेक्स आणि दुसरं नाही असं सर्रास असतं. डिझेलवाल्यांनी हा रिव्ह्यू नुसता करमणूक म्हणून वाचावा.

आता चढ.

आमचा एक ठरलेला घाट आहे, लांबलचक, वळणं कमी पण चढ सोडतच नाही असा. उन्हाळ्यात एसी चालू, मागे कॅम्पर, साध्या पेट्रोलवर गेलो की तिथे काय व्हायचं ते मला पाठ आहे. सुरुवातीला ठीक, मग हळूहळू गाडी जड वाटायला लागते, मी पाय दाबतो, गिअर खाली पडतो, इंजिन ओरडतं, स्पीड एकदोन किमी वाढतो आणि परत तेच. आणि मधेच टो मोड (ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) नीट लावला नसेल आणि इंजिन कमी आरपीएमवर जास्त लोड ओढत असेल तर ती बारीक खडखड, डब्यात छर्रे हलवल्यासारखी. ते नॉकिंग, म्हणजे इंधन दाबाने-उष्णतेने आपोआप वेळेआधी पेटणं. आजकालच्या गाड्यांत फार वेळ ऐकू येत नाही कारण नॉक सेन्सर ते ऐकतो आणि कॉम्प्युटर लगेच टायमिंग मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण दम जातो. तुम्ही पाय दाबताय आणि गाडी मनातल्या मनात म्हणतेय की आज नको.

पहिल्यांदा पूर्ण टाकी ई८५ टाकून त्याच घाटात गेलो तेव्हा मेव्हणा शेजारी बसला होता. त्याला काही सांगितलं नव्हतं. अर्ध्या चढावर तो म्हणाला, "दाजी, आज ट्रेलर रिकामा आणलाय का?" मी म्हटलं नाही रे बाबा, तुझ्या चार बॅगा पण आहेत त्यात. मग सांगितलं काय भरलंय, तर म्हणाला, "म्हणजे गाडी दारू पिऊन चढतेय!" त्यानंतर पूर्ण ट्रिपभर तोच जोक. असो, पण त्याचं निरीक्षण बरोबर होतं. गाडी ज्या वळणानंतर एक गिअर खाली पडायची तिथे पडली नाही, पुढच्या वळणाला पडली. म्हणजे अंगात राक्षस शिरला वगैरे काही नाही. फरक असा आहे की गाडी चढाच्या शेवटीही तशीच ओढते जशी सुरुवातीला ओढत होती. पिकअपचा पिकअप टिकतो, असं म्हणा हवं तर.

हे का होतं याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही ट्रेलर ओढतानाच जास्त कामाला येतात. पहिलं ऑक्टेन. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन साधारण १०८ च्या पुढे, साधं पेट्रोल ९१ ते ९५ च्या घरात. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हा गैरसमज फार जुना आहे, ऑक्टेन म्हणजे दाब आणि उष्णता सोसून वेळेआधी न पेटण्याची सहनशक्ती. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर, अर्ध्या थ्रॉटलला तुम्हाला त्याचा उपयोग शून्य, कारण तिथे नॉकिंगचा प्रश्नच नसतो. मागे पावणेतीन टन लागले की मात्र इंजिन सतत त्या काठावर चालतं. तिथे कॉम्प्युटरला टायमिंग मागे घ्यायला लागत नाही, एवढंच, आणि तेवढंच पुरतं.

दुसरं कारण मला जास्त आवडतं कारण ते हातावर करून बघता येतं. स्पिरिट हातावर टाकलं की गार लागतं ना, तेच. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा किलोमागे अडीचपट उष्णता लागते, आणि वर सांगितलं तसं इंधनही दीडपटीपेक्षा जास्त जातं, म्हणजे दोन्ही धरून सिलिंडरमधला मालमसाला पेट्रोलपेक्षा चौपट वगैरे गार होतो. डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन असेल तर हा गारवा थेट सिलिंडरच्या आत मिळतो. उन्हाळ्यात, एसी लावून, घाटात, अजून काय पाहिजे. त्यात टायमिंग मागे गेलं नाही म्हणजे जळण्याची क्रिया वेळेत संपते, नाहीतर उशिरा जळालेला माल तसाच गरमागरम एक्झॉस्टमध्ये जातो आणि मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) वाचवायला कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो, नुसतं थंड करायला. म्हणजे पेट्रोलवर जोरात ओढताना काही इंधन आपण ताकदीसाठी जाळतच नाही, पाणी मारल्यासारखं मारतो.

किती फरक पडतो हे इंजिनावर आहे. काही कंपन्या ई८५ साठी वेगळं ट्यूनिंग देतात, काही नुसतं "चालेल" म्हणून सोडून देतात. शेवरोले सिल्वराडोच्या २०१४ च्या ५.३ लिटर इंजिनाचे कंपनीनेच दिलेले आकडे बघा, पेट्रोलवर टॉर्क (फिरवायचा जोर) ३८३ पाउंड-फूट, ई८५ वर ४१६. म्हणजे साडेआठ टक्क्यांची वाढ, फक्त इंधन बदलून. सगळ्यांनाच इतकं मिळत नाही. टर्बो इंजिन फ्लेक्स असेल तर तत्त्वतः फायदा अजून जास्त, कारण टर्बोला नॉकिंगची भीती जास्त असते, पण टर्बो पिकअप बऱ्याच वेळा फ्लेक्स नसतातच, हा एक विनोदच आहे.

आणि टॉर्क वाढला म्हणून ट्रेलरचं वजन वाढवायला निघालेल्या लोकांसाठी: नाही. ओढायची क्षमता इंजिनावर एकट्यावर ठरत नाही. एसएई जे२८०७ म्हणून जी टोइंगची चाचणी आहे तिच्यात चढावरचा वेग आहेच, पण ब्रेक, चढावर उभी गाडी परत हलवणं, कूलिंग, ट्रेलर डोलणं हे सगळंही आहे. ट्रेलर जोडायचा हुक तोच, ब्रेक तेच, मागचा अ‍ॅक्सल तोच. गिअरबॉक्सचं ऑइल तर ई८५ वरही तितकंच तापतं, मी गेजवर बघितलंय, इंजिनाला गारवा मिळतो म्हणून टॉर्क कन्व्हर्टरला मिळत नाही. उतारावर तर इंधन काहीही असो, गिअर खाली टाकून इंजिन ब्रेकिंगच करायचं.

आता वैताग.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. यावर कोणतंही ट्यूनिंग, कोणतीही अ‍ॅडिटिव्ह, कोणताही देव काही करू शकत नाही. ई८५ मध्ये प्रत्यक्षात किती इथेनॉल आहे त्यावर १५ ते २७ टक्के अ‍ॅव्हरेज जाणार म्हणजे जाणार. रिकाम्या गाडीला हे चालून जातं, कारण टाकी मोठी असते आणि पंपावर जाणं दोन मिनिटांचं काम असतं. ट्रेलर मागे असताना गणित बदलतं. माझ्या गाडीचं ट्रेलरसकट अ‍ॅव्हरेज ई१० वर (दहा टक्के इथेनॉलचं साधं पेट्रोल) लिटरला साधारण ४.२ किमी, ई८५ वर ३.२. ऐकायला एकच किमीचा फरक. पण टाकी कोणी शून्यापर्यंत नेत नाही, ८५ लिटर वापरायचे धरले तर एकीकडे ३५७ किमी आणि दुसरीकडे २७२. म्हणजे ८५ किमीचा फरक, शंभराला फक्त पंधरा कमी!

आणि हे ८५ किमी नुसते किमी नाहीत. ज्यांनी ट्रेलर घेऊन पंपावर वळण घेतलंय त्यांनाच कळेल. ई८५ चा नळ सगळ्या पंपांवर नसतो, असला तर एक किंवा दोन, आणि का कोण जाणे तो नेहमी सगळ्यात कोपऱ्यातल्या आयलंडवर, जिथे खांब आहे, भिंत आहे, आणि समोर कोणीतरी हवा भरत उभा आहे. एकट्या पिकअपने तिथे घुसता येतं. १२ मीटरची वरात घेऊन घुसलं की बाहेर पडताना रिव्हर्स, आणि रिव्हर्समध्ये ट्रेलर म्हणजे संसाराची परीक्षा. बायको खाली उतरून मागे उभी राहते आणि हात करते, मला आरशात हात दिसत नाहीत, ती ओरडते, मला ऐकू येत नाही. असं एका दिवसात एक वेळ ठीक आहे. ई८५ मुळे दोन वेळा होतं. माझ्या मते ई८५ ची खरी किंमत ही आहे, पैसे नंतर.

पैशाचं पण सांगतो पटकन. ब्राझीलमध्ये लोक पिढ्यानपिढ्या इथेनॉल जाळतायत, २००३ मध्ये तिथे फोक्सवॅगन गोल टोटल फ्लेक्स आली आणि नंतर फ्लेक्स गाड्यांचंच राज्य झालं, तिथल्या लोकांचा एक साधा नियम आहे की इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्के भावाला किंवा त्याहून स्वस्त असेल तर भरायचं, नाहीतर पेट्रोल. तिथलं इथेनॉल जवळपास शुद्ध असतं, थोडं पाणी असलेलं, म्हणून ७०. आपल्या ई८५ ला साधारण ७५ ते ७८ धरा. ट्रेलर ओढताना मी स्वतः हा नियम थोडा ढिला करतो, कारण जोरात ओढताना पेट्रोलचं अ‍ॅव्हरेजही वर सांगितलेल्या उधळपट्टीमुळे पडतं, दोघांमधलं अंतर घाटात थोडं कमी होतं. सपाट रस्त्यावर मात्र नियम जसाच्या तसा.

आता माझी फजिती, जी शंभर टक्के माझीच चूक होती. पहिल्या ट्रिपला पेट्रोलवर दोन आठवडे रिकामी गाडी चालवली, मग ई८५ भरलं, ट्रेलर जोडला आणि निघालो. डॅशबोर्डवर उरलेला पल्ला दिसतो ना, तो ६०० च्या वर काहीतरी दाखवत होता. मी मनातल्या मनात खूश. अहो तो आकडा मागच्या अ‍ॅव्हरेजवर काढलेला असतो, त्याला काय माहीत की मागे घर बांधलंय आणि टाकीत दुसरंच काही आहे. घाट सुरू झाल्यावर तो आकडा असा खाली यायला लागला की बघत राहिलो, दर दहा किमीला तीसचाळीस उडत होते. शेवटी वीसेक किमी उरलेले दाखवत असताना एका छोट्या पंपावर पोचलो, तिथे ई८५ नव्हतं, गुपचूप साधं पेट्रोल भरलं. फ्लेक्स गाडीची खरी मजा तिथे कळली, काही प्रश्न नाही, जे मिळेल ते ओता. तेव्हापासून डॅशबोर्डवर विश्वास नाही, ट्रिप मीटर शून्य करतो आणि २५० किमीला पंप शोधायला लागतो.

इंधन बदललं की एक काळजी घ्या जी बऱ्याच मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असते. काही गाड्यांत इथेनॉल मोजणारा सेन्सर इंधनाच्या लाइनवरच असतो, त्यांना लगेच कळतं. काही गाड्यांत असा सेन्सरच नाही, कॉम्प्युटर टाकी भरल्याचं ओळखतो आणि मग ऑक्सिजन सेन्सरवरून अंदाज बांधत शिकतो की नवीन माल काय आहे. त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून एकदोन लिटर वरचेवर टाकत बसू नका, बदलायचं तर भरपूर टाका, आणि भरल्यावर गाडी बंद करून रात्रभर ठेवण्याऐवजी लगेच दहाबारा किमी आरामात चालवा. घाटाच्या पायथ्याशी भरून तिथूनच फुल थ्रॉटल, हे नको. मी आता घाटाच्या वीसपंचवीस किमी आधीच भरतो.

ई८५ या नावावरही फार जाऊ नका. ८५ हा आकडा नावापुरता. अमेरिकेत त्याच्यासाठी जे एएसटीएम डी५७९८ स्टँडर्ड आहे त्यात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असलं तरी चालतं. ही फसवाफसवी नाही, थंडीत शुद्ध इथेनॉलची वाफच नीट होत नाही, इंजिन चालू व्हायला तयार नसतं, म्हणून हिवाळ्यात पेट्रोल जास्त घालतात. जुन्या ब्राझिलियन फ्लेक्स गाड्यांत तर बॉनेटखाली एक छोटी वेगळी पेट्रोलची टाकी असायची, फक्त सकाळी गाडी चालू करायला. माझ्यासाठी याचा अर्थ असा की हिवाळ्यातल्या ई८५ वर अ‍ॅव्हरेज थोडं बरं मिळतं. मी एक टेस्ट ट्यूब आणून ठेवलीय, खुणेपर्यंत पाणी, वर इंधन, झाकण लावून हलवायचं आणि ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं, रेघ वर सरकते ती वाचायची. एकदा ७९ निघालं, एकदा ६३. तेच नाव, तोच नळ, ऋतू वेगळा. मेव्हणा म्हणतो, "दाजी, आता गाडीची पॅथॉलॉजी पण काढा."

दीड वर्षात मी शेवटी ज्या गोष्टीवर येऊन थांबलोय ती म्हणजे मिक्स. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं ते सरळ रेषेत वाढत नाही, पहिल्या ३० टक्क्यांत बरीचशी वाढ मिळून जाते, पुढे पुढे कमी कमी. ऊर्जा मात्र प्रत्येक टक्क्याला तितकीच घटत जाते. म्हणजे नफा आधी येतो आणि तोटा सारखा चालू राहतो. मग पूर्ण ई८५ कशाला? टाकीत एक तृतीयांश ई८५ आणि बाकी ई१० टाकलं तर ई३० च्या आसपास बसतं, अर्धं-अर्धं केलं तर ४० च्या पुढे. ई३० ला ऊर्जेची घट शुद्ध पेट्रोलच्या मानाने दहाएक टक्के, पण आपण आधीच ई१० जाळत असतो म्हणून प्रत्यक्षात जाणवते ती सातच्या जवळपास. माझा पल्ला ३३० च्या आसपास राहतो आणि घाटात ती खडखड अजून तरी ऐकू आलेली नाही. अर्ध्या-अर्ध्यावर चढाला पूर्ण ई८५ इतकंच बरं वाटतं, निदान माझ्या बुडाला फरक कळत नाही, आणि टॉर्कचं मीटर म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे. फक्त हे सगळं फ्लेक्स गाडीतच, परत एकदा.

साध्या गाडीवाल्यांना कमी ब्लेंडचं विचारायचं असतं. ई१० बहुतेक आधुनिक गाड्यांना चालतं, ऊर्जा तीनेक टक्के कमी, ट्रेलरमागे ते वाऱ्यातच हरवून जातं, समोरून वारा आला तर याहून जास्त जातं. ई१५, ई२० साठी गाडीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते वाचा, लिहिलं नसेल तर नाही समजा. गाडी चालेल, रोज ऑफिसला जाताना काही कळणारही नाही, पण टोइंग म्हणजे तासन्‌तास जवळजवळ पूर्ण लोड, तिथे थोडंसं लीनसुद्धा महाग पडू शकतं आणि वॉरंटीवाला पहिला प्रश्न तोच विचारेल. साध्या गाडीला घाटात दम हवा असेल तर प्रीमियम पेट्रोल भरून बघा, काही इंजिनं ते ओळखतात आणि टायमिंग पुढे घेतात. सगळी नाही.

जनरेटर! हे राहिलंच होतं. कॅम्परबरोबर छोटा पेट्रोल जनरेटर असतो, आणि पिकअपसाठी आणलेल्या कॅनमधलं उरलेलं ई८५ एकदा अंधारात त्यात ओतलं. चालू झाला, मग हुं-हुं-हुं करत वरखाली, दिवे मिणमिणायला लागले, मग बंद. कार्ब्युरेटरचं भोक पेट्रोलच्या मापाचं, त्याला काय कळणार की दीडपट सोडायचंय. टाकी उपसून, वाटी काढून, धुऊन परत चालू करण्यात अर्धी रात्र गेली. बायकोने मोबाईलचा टॉर्च धरला होता आणि एक शब्द बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. बोटीचं आउटबोर्ड, गवत कापायचं मशीन, जनरेटर, कशातच ई८५ नाही. आता दोन कॅन आहेत, वेगळ्या रंगाचे, मोठ्या अक्षरात लिहिलेले.

देखभालीत फार काही नाही. इथेनॉल जुन्या टाकीतला मळ सोडवतो, त्यामुळे जुनी गाडी पहिल्यांदाच ई८५ वर नेत असाल तर फिल्टर लवकर बदलायची तयारी ठेवा. ऑइल बदलायचं अंतर काही कंपन्या ई८५ साठी कमी देतात, आणि टोइंगमुळे ते तसंही कमीच असतं, दोन्हीतलं जे लवकर येईल ते धरा. आणि ट्रेलरचा सीझन संपला की टाकीत ई८५ ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतो. त्यातल्या त्यात कमी ब्लेंडला जास्त जपायचं, ई१० मध्ये पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, ई८५ उलट बरंच पाणी पचवतं. पण उभ्या गाडीला दोन्हीचा उपयोग नाही, मधूनमधून चालवत राहा.

वास मात्र मला आवडतो. सकाळी गाडी थंड असताना एक्झॉस्टला गोडसर वास येतो. बायकोला अजिबात आवडत नाही, तिच्या मते कोणीतरी रात्री पार्टी करून गेल्यासारखं वाटतं.

स्टार द्यायचेच तर डोंगरात ट्रेलर ओढायला पाचपैकी साडेचार, सपाट लांब रस्त्याला दोन, आणि ओळख नसलेल्या मुलखात जिथे पुढचा ई८५ चा नळ कुठे आहे माहीत नाही तिथे एक, तोही फ्लेक्स गाडीला पेट्रोल चालतं म्हणून. पुढच्या शनिवारी परत तोच घाट आहे. टाकीत आत्ता पाव ई१० आहे, अर्धी टाकी होईपर्यंत तेच टाकणार, वरची अर्धी ई८५, ट्यूब हलवून बघणार आणि कोपऱ्यातल्या नळावर शुक्रवारी रात्रीच जाऊन येणार, ट्रेलर न जोडता.